रास्ता रोकोचा खटला आणि आमदारकी: पश्चिम विदर्भातील एका कार्यकर्त्याचे प्रकरण

पश्चिम विदर्भातील कापूसपट्ट्यातल्या एका तालुक्यात २००५ मध्ये विद्यार्थ्यांनी एसटी बसच्या प्रश्नावर रास्ता रोको केला. त्याचे नेतृत्व करणारे विद्यार्थी पुढे जिल्हा परिषदेचे सदस्य झाले, विधानसभेची एक निवडणूक हरले आणि २०१९ मध्ये आमदार म्हणून निवडून आले. तालुका त्यांना ‘भाऊ’ म्हणतो, म्हणून येथेही तोच उल्लेख ठेवला आहे. त्या आंदोलनातून भाऊंवर आणि इतर दहा विद्यार्थ्यांवर जो फौजदारी खटला दाखल झाला, तो या सगळ्या काळात चालूच होता. एका खटल्याने नेत्याची आणि त्याच्या सोबत्यांची आयुष्ये किती वेगवेगळ्या दिशांना नेली, आणि ती दरी कमी करण्याच्या संधी कोणत्या टप्प्यांवर आल्या, हे या टिपणात मांडले आहे. व्यक्ती, गाव आणि पक्ष ओळखू येऊ नयेत यासाठी काही तपशील वगळले आहेत.

पार्श्वभूमी

भाऊंचे घर कोरडवाहू शेतीचे. कापूस, तूर आणि थोडे सोयाबीन ही पिके, विहिरीला उन्हाळ्यात पाणी नाही, आणि दर हंगामात सोसायटीचे कर्ज. गावापासून तालुक्याचे महाविद्यालय एसटीने तासाभराच्या अंतरावर होते. परिसरातील बहुतेक मुले-मुली सकाळच्या एकाच गाडीवर अवलंबून असत. ती भरून आली की फाट्यावर थांबत नसे, आणि ज्या दिवशी गाडी थांबत नसे त्या दिवशी मुले एखाद्या जीपला लटकून जात, मुली मात्र घरी परतत. वर्षाच्या शेवटी उपस्थिती कमी पडल्यामुळे कोणाची परीक्षा अडली, असे विचारले तर उत्तरात बहुधा मुलींचीच नावे येत.

महाविद्यालयात या प्रश्नाला वाचा फोडण्याची अधिकृत जागा नव्हती. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्यानंतर विद्यार्थी प्रतिनिधी थेट मतदानाने निवडण्याची पद्धत बंद झाली होती आणि वर्गप्रतिनिधी गुणवत्तेच्या आधारे ठरत होते. वर्गात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला बसच्या प्रश्नावर आगार व्यवस्थापकाशी भांडण्याची इच्छा असेलच असे नाही. त्यामुळे ज्यांना नेतृत्व करायचे होते, त्यांचे नेतृत्व महाविद्यालयाच्या दाराबाहेर, निवेदने आणि मोर्चे यांतून घडले. ही गोष्ट पुढच्या घटनांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे, असे मला वाटते. निवडून आलेल्या विद्यार्थी प्रतिनिधीला प्राचार्यांसमोर बसून बोलण्याचा अधिकार असतो, आणि त्याच्या मागे संस्था उभी असते. दाराबाहेरच्या नेत्याच्या मागे फक्त त्याचे मित्र असतात, आणि काही बिघडले तर त्याची झळही त्याच मित्रांना बसते.

आंदोलन आणि गुन्हा

आपल्याकडे कोणत्याही आंदोलनाची सुरुवात निवेदनाने होते. भाऊंनी तहसीलदार, आगार व्यवस्थापक आणि ठाणेदार यांना निवेदन दिले, त्यावर पोच घेतली आणि ठरलेल्या मुदतीत वाढीव फेरी सुरू न झाल्यास रास्ता रोको करू, असे त्यात लिहिले. निवेदनाखाली अकरा मुलांच्या सह्या होत्या. मुलींनी सह्या करू नयेत, असे ठरले होते. घरच्यांना कळले तर शिक्षण बंद होईल, ही भीती त्यामागे होती आणि ती खोटी नव्हती. मागणी मुख्यतः मुलींची असूनही कागदावर एकाही मुलीचे नाव आले नाही.

आंदोलनाच्या दिवशी जिल्ह्यात मुंबई पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१)(३) अन्वये मनाई आदेश लागू होता. असे आदेश जिल्ह्यांत वारंवार निघतात, आणि आंदोलन करणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्याची कल्पना नसते. राज्यमार्गावर मुले-मुली बसल्या, वाहतूक थांबली, पोलीस आले. उठवाउठवीत ढकलाढकल झाली, एका बसची काच फुटली आणि एक पोलीस शिपाई पडून त्याच्या हाताला लागले. दगड कोणी मारला, हे तेव्हाही कळले नाही आणि नंतरही नाही.

गुन्हा दाखल करताना पोलिसांनी आरोपींची नावे कोठून घेतली, हा या प्रकरणाचा कळीचा मुद्दा आहे. ती निवेदनावरच्या सह्यांतून घेतली गेली. अकराही जण आरोपी झाले, आणि त्यांच्यासोबत ‘इतर १०० ते १५० जण’ अशी नोंद झाली. अकरांपैकी दोघे त्या दिवशी फाट्यावर आलेही नव्हते. भारतीय दंड संहितेची कलमे १४३, १४७, १४९, ३४१, ३५३ आणि ४२७, तसेच मनाई आदेशाचा भंग केल्याबद्दल पोलीस अधिनियमाचे कलम १३५ लावण्यात आले. बेकायदा जमाव, दंगा, रस्ता अडवणे, लोकसेवकावर बळाचा वापर आणि नुकसान असा तो एकत्रित आरोप होता. कलम १४७, ३५३ आणि ४२७ यांना तेव्हा प्रत्येकी कमाल २ वर्षांची शिक्षा होती.

आंदोलन यशस्वी झाले, हे नोंदवले पाहिजे. सकाळची एक आणि सायंकाळची एक अशा दोन फेऱ्या वाढल्या आणि फाट्यावर थांबा मिळाला. राज्यातील मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसगाड्या मुलींसाठी धावू लागल्या त्या नंतरच्या काळात. तोपर्यंत त्या परिसरातील मुलींच्या किमान पाच-सहा तुकड्यांचे शिक्षण याच वाढीव फेऱ्यांवर झाले. ही किंमत मोजण्याजोगी होती का, असा प्रश्न आजही त्या अकरांना विचारला, तर बहुतेक जण होकारार्थीच उत्तर देतात. त्यांची तक्रार आंदोलनाबद्दल नाही, त्यानंतर जे झाले त्याबद्दल आहे.

खटल्याच्या काळातील कारकीर्द

या आंदोलनाने भाऊंना तालुक्यात ओळख दिली. पुढच्या वर्षी, २००६ मध्ये, पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भाचा दौरा करून अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम, यवतमाळ आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. शेतकरी आत्महत्यांचा प्रश्न रोजच्या बातम्यांत होता आणि विद्यार्थी कार्यकर्ते आपोआपच शेतकऱ्यांच्या प्रश्नाकडे वळले. २००८ च्या केंद्रीय कर्जमाफीत संपूर्ण माफीसाठी २ हेक्टरची मर्यादा होती. कोरडवाहू विदर्भात ५ एकरांहून जास्त जमीन असणे हे संपन्नतेचे लक्षण नाही, पण त्या मर्यादेमुळे असे असंख्य शेतकरी पूर्ण माफीबाहेर राहिले. भाऊंनी गावोगावी सातबारे आणि कर्जखात्याचे उतारे गोळा करून हा मुद्दा मांडला. त्यांच्या राजकारणाचा खरा पाया या कामात आहे.

२०१२ च्या जिल्हा परिषद निवडणुकीत ते आपल्या गटातून निवडून आले. उमेदवारी अर्जासोबतच्या शपथपत्रात प्रलंबित गुन्ह्यांची माहिती द्यावी लागते. विरोधकांनी तो तपशील छापून वाटला. भाऊंच्या कार्यकर्त्यांनीही तो छापून वाटला, फक्त मथळा वेगळा होता: ‘लेकीबाळींच्या बससाठी गुन्हे अंगावर घेणारा उमेदवार’. प्रचारात हा गुन्हा त्यांच्या बाजूने गेला, हे त्यांच्या जवळच्या सगळ्यांनी मान्य केले आहे. येथून पुढे खटल्याकडे पाहण्याची त्यांची दृष्टी बदलली. सोबत्यांसाठी तो अडथळा होता आणि भाऊंसाठी तो मान ठरला.

२०१४ मध्ये २५ सप्टेंबरला राज्यातील शिवसेना-भाजप युती आणि काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडी एकाच दिवशी तुटल्या. उमेदवारी अर्जाची मुदत २७ सप्टेंबरला संपणार होती. चारही मोठ्या पक्षांना प्रत्येक मतदारसंघात उमेदवार हवे झाले आणि जिल्हा परिषद पातळीवरच्या अनेक कार्यकर्त्यांना एका रात्रीत ए-बी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीची पत्रे, मिळाले. भाऊंनाही एका पक्षाने विचारले. दोन दिवसांत निर्णय घ्यायचा असल्याने सोबत्यांची बैठक झाली नाही. त्यांनी उमेदवारी स्वीकारली आणि ते हरले, पण मते इतकी मिळाली की पुढच्या वेळचे उमेदवार म्हणून त्यांचेच नाव घेतले जाऊ लागले. पराभवापेक्षाही ती न झालेली बैठक जुन्या मंडळींना जास्त लागली.

२०१७ मध्ये आरक्षण सोडतीत त्यांचा गट महिलांसाठी राखीव झाला. अशा वेळी नेत्याच्या पत्नीला उभे करण्याची पद्धत सर्वश्रुत आहे. भाऊंनी तसे केले नाही. २००५ च्या आंदोलनात रस्त्यावर बसलेल्या आणि नंतर बचत गटांचे काम उभे केलेल्या एका सहकारी ताईंना त्यांनी पाठिंबा दिला आणि त्या निवडून आल्या. मुलींच्या सह्या न घेतल्यामुळे या ताईंचे नाव कधीच गुन्ह्यात आले नव्हते. आंदोलनाच्या कागदोपत्री इतिहासातून ज्यांना वगळले गेले, त्यांना निदान खटल्याचा त्रास झाला नाही.

इतर दहा जणांचे काय झाले

खटला तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर होता. न्यायालयातील तारीख, आपल्याकडे जिला ‘पेशी’ म्हणतात, ती दोन-तीन महिन्यांनी एकदा लागे. अकरापैकी एक जरी गैरहजर असला, तरी दोषारोप निश्चित करणे पुढे ढकलले जाई. कोणी पुण्याला कामाला, कोणी मुंबईला, कोणाची पेरणी, कोणाच्या घरी लग्न. गैरहजेरीच्या माफीचे अर्ज, पकड वॉरंट, ते रद्द करण्याचे अर्ज आणि पुन्हा तारीख, असे वर्षानुवर्षे चालले. जामीनदार म्हणून ज्यांनी सातबारा दिला होता, ते बहुधा आरोपींचे वडील किंवा काका होते. त्यातील काही या काळात वारले आणि नवा जामीनदार शोधावा लागला.

दहांपैकी बहुतेक जण शेती करतात. त्यांच्या दृष्टीने पेशी म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि बसभाडे. दोघांची गोष्ट मात्र वेगळी आहे.

एक जण पोलीस भरतीची तयारी करत होता. मैदानी चाचणी आणि लेखी परीक्षा दोन्हींत उत्तीर्ण होऊन त्याचे नाव निवड यादीत आले, पण चारित्र्य पडताळणीत प्रलंबित खटला दिसला. प्रलंबित खटल्यामुळे उमेदवार आपोआप अपात्र ठरत नाही, परंतु नेमणूक रोखली जाते आणि निर्णय लांबतो. पोलिसावर बळाचा वापर केल्याचे कलम असताना पोलीस दलात नेमणूक मिळणे किती कठीण, हे सांगायला नको. त्याची नेमणूक रखडली, पुढच्या भरतीतही तेच झाले आणि नंतर वयोमर्यादा ओलांडली. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात असे म्हटले की, तरुण वयात घोषणा देण्यासारख्या किरकोळ स्वरूपाच्या प्रकरणांत नियुक्ती देणाऱ्याला आपला विवेक वापरून सौम्य दृष्टी ठेवता येते. तोपर्यंत या मित्राची वेळ निघून गेली होती.

दुसऱ्याने तंत्रनिकेतनातून पदविका घेतली आणि पुण्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी धरली. त्याला आखातात जाण्याची संधी आली. फौजदारी खटला प्रलंबित असताना पारपत्रासाठी न्यायालयाची परवानगी लागते. त्यासाठी रजा काढून तालुक्याला येणे, वकील लावणे आणि तारखांची वाट पाहणे त्याला जमले नाही. संधी गेली, आणि त्यानंतर त्याने पेशीला येणेच सोडले. न्यायालयाने त्याच्याविरुद्ध वॉरंट काढले आणि शेवटी त्याचा खटला वेगळा केला.

२०१६: पहिली खरी संधी

राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतील खटले मागे घेण्यासाठी राज्य शासन वेळोवेळी शासन निर्णय काढते. त्यात साधारणतः जीवितहानी झालेली नसावी आणि नुकसान ५ लाख रुपयांहून अधिक नसावे, अशा अटी असतात. २०१६ च्या सुमारास ही वाट खुली होती. जिल्हा पातळीवरील समितीने शिफारस करायची, सरकारी अभियोक्त्याने स्वतः विचार करून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ खाली अर्ज करायचा आणि न्यायालयाने संमती द्यायची, असा हा मार्ग होता. एका फुटक्या काचेचे हे प्रकरण त्या अटींत सहज बसत होते.

सहकारी ताईंनी अर्ज करण्याचा आग्रह धरला. भाऊंनी अर्ज केला नाही. त्यांची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. अर्ज केला तर ‘सत्तेपुढे हात पसरले’ असे विरोधक म्हणतील, हे एक. आपण काही चूक केलेली नाही, तेव्हा न्यायालयातूनच निर्दोष सुटायचे, हे दुसरे. आणि हा गुन्हा आपल्या राजकीय ओळखीचा भाग झाला आहे, हे तिसरे. तिसरे कारण त्यांनी उघडपणे सांगितले नाही, पण २०१९ च्या प्रचारसाहित्यात ते स्पष्ट दिसते.

माझ्या मते या प्रकरणातील सर्वात महत्त्वाचा निर्णय हाच आहे आणि तो चुकीचा होता. स्वतःपुरती ही सवलत नाकारण्याचा भाऊंना पूर्ण अधिकार होता. परंतु खटला अकरा जणांचा होता आणि अर्ज न करण्याचा निर्णय एकाने घेतला. दहांपैकी कोणालाही विचारले गेले नाही. त्या काळात एकेकाळी अरे-तुरे करणाऱ्या भरतीवाल्या मित्राने त्यांना एकच वाक्य ऐकवले: ‘भाऊ, तुमच्यासाठी थे आंदोलन होतं, आमच्यासाठी थे केस हाये.’

२०१९ नंतरचा पेच

२०१९ मध्ये भाऊ आमदार झाले. आता त्यांच्या शब्दाला मंत्रालयात वजन होते आणि सोबत्यांना वाटले की खटला मागे घेणे आता सोपे होईल. झाले उलटेच. १० ऑगस्ट २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, आजी-माजी खासदार व आमदारांविरुद्धचा कोणताही खटला उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येणार नाही. सत्ताधारी आपल्याच माणसांवरचे गंभीर खटले मागे घेतात, या अनुभवातून हा आदेश आला आणि तो योग्यच आहे. पण या प्रकरणात त्याचा परिणाम असा झाला की, ज्या दहा सामान्य माणसांचा खटला साध्या मार्गाने संपू शकला असता, तो त्यांच्यातील एक आमदार झाल्यामुळे अडकला.

भाऊंसाठीही आता धोका वाढला होता. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८(३) नुसार २ वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा झाली की सदस्य अपात्र ठरतो आणि सुटकेनंतरही सहा वर्षे निवडणूक लढवता येत नाही. अपील दाखल करून पद टिकवण्याची जी सोय पूर्वी होती, ती लिली थॉमस प्रकरणाच्या २०१३ च्या निकालाने संपली. लावलेल्या कलमांतील कमाल शिक्षा बरोबर २ वर्षांचीच होती. राज्याने २०१८ मध्ये कलम ३५३ ची शिक्षा ५ वर्षांपर्यंत वाढवली, मात्र वाढीव शिक्षा २००५ च्या घटनेला लागू होत नाही. तरीही जुनी शिक्षाच पदासाठी पुरेशी घातक होती. या टप्प्यावर, आणि काही अंशी या धोक्यामुळेच, भाऊंनी प्रथमच अकराही जणांची बैठक बोलावली. पुण्याचा मित्र आला नाही.

समोरचे पर्याय आणि केलेली कृती

वकिलांनी बैठकीत जे पर्याय मांडले, त्यात पहिला होता उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात कलम ४८२ खाली खटलाच रद्द करण्यासाठी जाणे. घटना घडली होती, शिपायाला लागल्याचे कागद होते आणि साक्षीपुरावा तपासल्याशिवाय उच्च न्यायालय असा खटला रद्द करील याची खात्री नव्हती. दुसरा पर्याय तडजोडीने शिक्षा कमी करून घेण्याचा, म्हणजे २००६ पासून लागू झालेल्या ‘प्ली बार्गेनिंग’चा. त्यातून खटला लवकर संपला असता, पण दोषसिद्धीची नोंद राहिली असती. भरतीवाल्या मित्राने याला ठाम नकार दिला. नोकरी तर गेलीच, आता न केलेल्या गोष्टीची कबुली कशासाठी द्यायची, हे त्याचे म्हणणे होते आणि बैठकीत कोणीही ते खोडून काढू शकले नाही.

तिसरा पर्याय ताईंनी सुचवला. कलम ३२१ खाली सगळ्यांविरुद्धचा खटला मागे घ्यावाच लागतो असे नाही, काही आरोपींपुरताही तो मागे घेता येतो. मग दहा जणांपुरता अर्ज करावा आणि भाऊंनी एकट्याने खटला लढवावा. भाऊंच्या राजकीय सल्लागारांना हे मुळीच मान्य नव्हते, कारण शपथपत्रात आणि वृत्तपत्रांत ‘एकमेव आरोपी’ अशी नोंद येणार होती. बेकायदा जमावासाठी पाच किंवा अधिक माणसे लागतात, तेव्हा एकट्यावर ते कलम टिकणार नाही, असाही युक्तिवाद झाला. पण गुन्ह्यात ‘इतर १०० ते १५० जण’ असा उल्लेख असल्याने त्यावर विसंबता येत नव्हते. चौथा पर्याय साधा होता: सगळ्यांनी प्रत्येक पेशीला हजर राहून खटला लवकर चालवून घेणे.

भाऊंनी तिसरा आणि चौथा पर्याय एकत्र स्वीकारले. दहा जणांपुरता खटला मागे घ्यावा, असे पत्र त्यांनी स्वतःच्या सहीने दिले. ज्या माणसाने २०१६ मध्ये अर्जच केला नव्हता, त्याने स्वतःला वगळून इतरांसाठी अर्ज करणे ही लहान गोष्ट नव्हती, आणि जुन्या सोबत्यांत विश्वास परत यायला येथूनच सुरुवात झाली. दरम्यान लोकप्रतिनिधींविरुद्धचे खटले चालवण्यासाठी नेमून दिलेल्या जिल्ह्याच्या न्यायालयात हे प्रकरण गेले. तालुक्याऐवजी जिल्ह्याला जावे लागल्याने दहा जणांचा खर्च वाढला, तो भाऊंनी उचलला. पेशीच्या दिवशी सगळ्यांना एकत्र नेण्याची जबाबदारी ताईंनी घेतली. पूर्वी अकरा माणसे एका दिवशी न्यायालयात जमणे ज्या खटल्यात अशक्य वाटत होते, त्यात आता एकही गैरहजेरी लागली नाही.

निकाल

शासनाकडे गेलेला अर्ज विभागाविभागांतून फिरत राहिला. त्यावर निर्णय होण्याआधीच खटल्याचा निकाल लागला. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये लोकप्रतिनिधींचे खटले लवकर निकाली काढण्यावर देखरेख ठेवण्याचे निर्देश उच्च न्यायालयांना दिले, त्यानंतर तारखा कमी अंतराने लागू लागल्या होत्या. बसचालक निवृत्त झाले होते, त्यांनी दगड मारणाऱ्याला पाहिले नसल्याचे सांगितले. जखमी शिपायाने गर्दीत धक्का लागल्याचे सांगितले, पण कोणाचा हे सांगता आले नाही. पंच फितूर झाले. मनाई आदेश रीतसर जाहीर केल्याचा पुरावा अभियोग पक्षाला देता आला नाही. भाऊंसह या खटल्यात उरलेले सर्व दहा आरोपी निर्दोष सुटले. निकालपत्रातील एक नोंद महत्त्वाची आहे: आरोपींचा घटनेशी संबंध जोडणारा मुख्य दस्तऐवज म्हणजे निवेदन, आणि निवेदनावर सही असणे हा घटनास्थळी हजर असल्याचा पुरावा होऊ शकत नाही. ही बाब पहिल्याच वर्षी मांडता आली असती.

काय वेगळे करता आले असते

निवेदनावर कोणी सही करावी, हा प्रश्न बहुतेक संघटना गांभीर्याने घेत नाहीत. सह्या जितक्या जास्त तितके निवेदन वजनदार, अशी समजूत आहे. या प्रकरणानंतर तालुक्यातील विद्यार्थी कार्यकर्त्यांनी एक पद्धत घातली: निवेदनावर दोन किंवा तीनच जबाबदार कार्यकर्त्यांच्या सह्या, आणि सरकारी भरतीची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याला सही मागायची नाही. आंदोलनाच्या आदल्या दिवशी मनाई आदेश आहे का, हे ठाण्यात लेखी विचारायचे आणि उत्तराची प्रत ठेवायची. पाठिंबा दाखवायचा असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव जोडायचा, कारण ठरावावर कोणाला आरोपी करता येत नाही.

दुसरी गोष्ट खटल्याच्या सुरुवातीच्या वर्षांची आहे. अकरा जणांसाठी चार वेगवेगळे वकील होते आणि कोणत्या तारखेला कोण जाणार, हे ठरवणारे कोणी नव्हते. फाट्यावर गैरहजर असलेल्या दोघांसाठी आरोपमुक्तीचा अर्ज तेव्हाच करता आला असता. एक वकील, एक समन्वयक आणि गावातून एकत्र जाणे, एवढे २००६ मध्ये झाले असते तर पोलीस भरतीच्या मुलाची निवड कदाचित वाचली असती. हे काम फार कष्टाचे नव्हते. पण आंदोलन संपले की संघटनेचे लक्ष पुढच्या आंदोलनाकडे गेले आणि पेशी हा ज्याचा त्याचा खासगी प्रश्न होऊन बसला.

२०१६ बद्दल वर लिहिलेच आहे. त्यात एवढीच भर घालतो की, भाऊंची तत्त्वनिष्ठा खरी होती. अर्ज दहा जणांच्या नावे आणि न्यायालयीन लढा स्वतःच्या नावे, हा जो मार्ग त्यांनी २०२१ नंतर काढला, तो २०१६ मध्येही उपलब्ध होता. तेव्हा उच्च न्यायालयाच्या परवानगीचा प्रश्नही नव्हता, कारण ते आमदार नव्हते. फक्त सोबत्यांना एकत्र बसवून विचारण्याची गरज होती.

मुलींच्या सह्यांबद्दल माझे मत ठरत नाही. त्या न घेतल्यामुळे त्यांचे शिक्षण वाचले आणि ताईंचे सार्वजनिक जीवन शक्य झाले. दुसरीकडे, मागणी त्यांची असूनही आगार व्यवस्थापकासमोर त्यांच्यापैकी एकही बोलली नाही. निवेदनावर सही न करता शिष्टमंडळात दोन मुलींना नेणे शक्य होते, असे ताईंचे म्हणणे आहे, आणि ते मला पटते.

आजची स्थिती

भरतीवाला मित्र आता तालुक्याच्या ठिकाणी भरतीपूर्व प्रशिक्षण देतो. त्याच्याकडची मुले पोलीस आणि सैन्यात लागली आहेत. प्रवेश देताना तो प्रत्येकाकडून गुन्हा दाखल आहे का, हे विचारून घेतो आणि असेल तर आधी वकिलाकडे पाठवतो. भाऊंशी त्याचे बोलणे सुरू झाले आहे, पण निवडणुकीच्या कामात तो भाग घेत नाही.

पुण्याच्या मित्राचा खटला वेगळा केलेला असल्याने निर्दोष मुक्ततेचा लाभ त्याला आपोआप मिळालेला नाही. त्याच्यावरचे वॉरंट कायम आहे. न्यायालयात हजर होऊन ते रद्द करून घेणे, नव्याने जामीन देणे आणि इतर दहा जणांच्या निकालाच्या आधारे आपलाही खटला निकाली काढून घेणे, हे त्याला करावे लागेल. वकिलाचे शुल्क आणि जामीनदार यांची व्यवस्था भाऊंनी केली आहे, आणि कंपनीची रजा मंजूर झाली की येतो, असे त्याने ताईंना कळवले आहे.